गेटला व्होल्ट किती द्यायचे?

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद. कर्नाटकाच्या सीमाभागातल्या या गावांत इन्व्हर्टर, बॅटरीवरचे फवारणी पंप आणि एलईडीचे बोर्ड दुरुस्त करणारं एखादं तरी दुकान बाजारपेठेत सापडतंच. गिऱ्हाईक मराठीत तक्रार सांगतं, कारागीर दखनीत उत्तर देतो, वरची पाटी कन्नडमध्ये असते. बोर्डावरचं काय गेलं हे सांगताना मात्र सगळ्यांचा शब्द एकच: मॉसफेट. तीन पायांचा, पाठीला पत्रा असलेला काळा तुकडा. नवा घालून मिळतो, आणि पुष्कळदा महिन्याभरात तोही उडतो. मग दोष बॅटरीला, लाइटला किंवा ‘चायना माला’ला दिला जातो. कधी तो दोष खराही असतो. पण असे बरेच मॉसफेट गेटला, म्हणजे त्यांना चालू-बंद करणाऱ्या पायाला, व्होल्टेज कमी पडल्यामुळे जळतात. जास्त व्होल्टेजने वस्तू जळते हे कुणालाही पटतं. कमी व्होल्टेजने जळते म्हटलं की ऐकणारा हसतो. म्हणूनच हा विषय जरा सविस्तर मांडायला हवा.

जुन्या कारागिरांना २एन३०५५ आठवत असेल. धातूच्या टोपीचा हा ट्रान्झिस्टर एकेकाळी इन्व्हर्टरपासून अॅम्प्लिफायरपर्यंत सगळीकडे दिसायचा. त्याच्यातून १० अँपिअर न्यायचे तर बेसला एखाद-दोन अँपिअर सतत पुरवावे लागत, आणि तो करंट उष्णता होऊन वाया जाई. मॉसफेटने ही कटकट संपवली. बेल लॅब्जमध्ये मोहम्मद अटाला आणि डावोन कांग यांनी १९५९-६०च्या सुमारास पहिला चालता मॉसफेट बनवला. मोठे करंट पेलणारे प्रकार १९७०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. इंटरनॅशनल रेक्टिफायर या अमेरिकी कंपनीने ‘हेक्सफेट’ नावाने ते घरोघर पोहोचवले. आपल्या दुकानांतल्या पार्टवर ‘आयआरएफ’ ही अक्षरं दिसतात ती तिथून आली. २०१५मध्ये ती कंपनी इन्फिनिऑनने घेतली, अक्षरं राहिली.

मॉसफेटच्या गेटखाली काचेसारखा सिलिकॉन डायऑक्साइडचा अतिपातळ थर असतो. त्यातून करंट वाहत नाही. गेट आणि सोर्स या दोन पायांमध्ये व्होल्टेज दिलं की थराखालच्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन गोळा होतात आणि तिसऱ्या पायापासून, म्हणजे ड्रेनपासून, सोर्सपर्यंत वाट तयार होते. व्होल्टेज वाढवत गेलं की वाट रुंदावते. इथपर्यंत पाठ्यपुस्तकही सांगतं. घोटाळा होतो तो डेटाशीटचा पहिला आकडा वाचताना.

दुकानात ज्याला नुसतं ‘झेड फोर्टीफोर’ म्हणतात तो आयआरएफझेड४४एन घ्या. त्याच्या डेटाशीटमध्ये ‘गेट थ्रेशोल्ड व्होल्टेज’ २ ते ४ व्होल्ट असं छापलेलं आहे. वाचणारा ठरवून टाकतो की ४ व्होल्टला हा चालू होतो, म्हणजे ५ व्होल्ट दिले की काम झालं. पण त्याच ओळीत, एक रकाना सोडून, अट लिहिलेली असते: ड्रेन करंट २५० मायक्रोअँपिअर. म्हणजे पाव मिलिअँपिअर! बोर्डावरचा साधा लाल इंडिकेटरसुद्धा याच्या चाळीसपट करंट घेतो. भालकी तालुक्यातल्या कारंजा धरणाच्या कालव्याचं गेट बोटभर उचललं की खालून पाणी झिरपू लागतं, पण त्याला कुणी ‘पाणी सोडलं’ म्हणत नाही. थ्रेशोल्ड हा त्या झिरपण्याचा आकडा आहे. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचायला गेट किती उचलावं, ते तो सांगत नाही.

ते सांगणारी ओळ वेगळी आहे. चालू अवस्थेतला ड्रेन-सोर्स रेझिस्टन्स तिथे दिलेला असतो. झेड४४एनसाठी तो जास्तीत जास्त १७.५ मिलिओहम आहे, आणि अट आहे गेटला १० व्होल्ट. कंपनी हमी देते ती या १० व्होल्टची. ५ व्होल्टला काय होईल याचा एक आलेख डेटाशीटमध्ये असतो, त्यात काही अँपिअर जाताना दिसतातही. पण तो सरासरी नमुन्याचा आलेख असतो, तुमच्या हातातल्या नगाचा नव्हे. एका नगाचा थ्रेशोल्ड २.१ असू शकतो, दुसऱ्याचा ३.९, आणि दोन्ही नग कंपनीच्या लेखी चोख. मित्राचं सर्किट चालतं आणि हुबेहूब तेच आपलं चालत नाही, यामागचं कारण बहुतेक वेळा इतकं साधं असतं.

आता हिशेब करू. १० अँपिअर वाहत आहेत आणि गेटला पुरेसे १० व्होल्ट आहेत. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स: १.७५ वॅट. छोट्याशा हीटसिंकवर निभतं. गेटला व्होल्टेज अपुरं पडलं आणि मॉसफेटवर ३ व्होल्ट अडकून राहिले, तर १० गुणिले ३, म्हणजे ३० वॅट. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता. पूर्ण बंद मॉसफेटमधून करंट जात नाही, म्हणून तो थंड. पूर्ण चालू मॉसफेटवर व्होल्टेज उरत नाही, म्हणून तोही थंडच. अर्धवट उघडलेल्यावर मात्र करंट आणि व्होल्टेज एकाच वेळी असतात, आणि तोच तापतो.

इथे फवारणी पंपाचं उदाहरण नेमकं लागू पडतं. कलबुरगीच्या तूर डाळीला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तुरीला फुलं आणि शेंगा लागल्या की अळीसाठी पाठीवरचे १२ व्होल्टचे बॅटरी पंप रानोरान फिरतात. त्यातल्या ज्या पंपांना वेग कमी-जास्त करायचा नॉब असतो, त्यांत मोटर अर्ध्या वेगाने चालवायची म्हणून मॉसफेट अर्धा उघडत नाहीत. तसं केलं तर ६ व्होल्ट आणि २ अँपिअर, म्हणजे १२ वॅट बॅटरीतून काढून नुसते हवेत सोडावे लागतील. बॅटरी लवकर बसेल. त्याऐवजी गेटला सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा पूर्ण व्होल्टेज देतात आणि पूर्ण काढून घेतात. निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद; मोटरला सरासरी निम्मी वीज मिळते. कालव्याची उपमा इथे संपते. पाटकरी गेट हवं तेवढंच उचलून ठेवतो, आणि स्विच म्हणून वापरलेल्या मॉसफेटला नेमकं तेच करू द्यायचं नसतं.

गेटला व्होल्टेज कमी देण्याची चूक विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये फार दिसते. बीदरचं गुरु नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय, भालकीची भीमण्णा खंड्रे तंत्रज्ञान संस्था, कलबुरगीचं १९५८पासूनचं पी.डी.ए. कॉलेज... कोरडवाहू भागातल्या कुठल्याही अभियांत्रिकी कॉलेजात ‘स्वयंचलित ठिबक’ हा प्रोजेक्ट नवा नाही. त्यात वापरतात त्या कंट्रोलर बोर्डांपैकी आर्डुइनोची पिन ५ व्होल्ट देते, ईएसपी३२ची फक्त ३.३. बाजारात आयआरएफ५२० लावलेलं छोटं लाल-निळं मोड्यूल ‘आर्डुइनोसाठी’ म्हणून मिळतं. त्या ५२०च्या डेटाशीटमध्येही थ्रेशोल्ड २ ते ४ आणि रेझिस्टन्सची अट १० व्होल्टच आहे. ३.३ व्होल्टला यातले काही नग चालूच होणार नाहीत. मोड्यूल विकणाऱ्याला हे माहीत नसतं असं मला वाटत नाही. गंमत म्हणजे टेबलावर एलईडीची पट्टी लावून तपासलं की सगळं व्यवस्थित दिसतं, कारण तिला करंटच थोडा लागतो. मोटर जोडली की बोट भाजतं.

उपाय दोन. पहिला म्हणजे ‘लॉजिक लेव्हल’ मॉसफेट. आयआरएलझेड४४एन दिसायला झेड४४एनसारखाच, पण मधलं अक्षर एल. ५ व्होल्टला त्याचा रेझिस्टन्स २५ मिलिओहम, ४ व्होल्टला ३५, अशी लेखी हमी आहे. ३.३ व्होल्टची हमी त्यातही नाही. तिथे तक्त्यात २.५ व्होल्टची अट असलेला पार्ट शोधावा. मोजक्या अँपिअरसाठी एओ३४०० हा चिमुकला मॉसफेट तसा आहे. एक सावधगिरी: झेड४४एनचं गेट २० व्होल्टपर्यंत सोसतं, आयआरएलझेड४४एनचं १६पर्यंतच. हलक्या हाताने उघडणारं गेट फुटतंही लवकर.

दुसरा उपाय म्हणजे पिन आणि गेटच्या मध्ये गेट ड्रायव्हर ही आयसी घालणं, आणि त्याची गरज फक्त व्होल्टेजपुरती नाही. गेटमधून सतत करंट वाहत नाही हे खरं, पण गेट म्हणजे कपॅसिटर आहे. प्रत्येक वेळी चालू करताना तो भरावा लागतो, बंद करताना रिकामा करावा लागतो. झेड४४एनला १० व्होल्टपर्यंत न्यायला जास्तीत जास्त ६३ नॅनोकूलोम चार्ज लागतो. आर्डुइनोच्या पिनमधून २० मिलिअँपिअर घेतले तर भरायला सुमारे ३ मायक्रोसेकंद, रिकामं करायला तेवढेच. त्या काळात मॉसफेट अर्धवट उघडा असतो. ५० हर्ट्झवर हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण २० किलोहर्ट्झला पूर्ण चक्रच ५० मायक्रोसेकंदांचं असतं. त्यातले ६ असे गेले, तर १२ व्होल्ट आणि १० अँपिअरच्या लोडवर ढोबळ हिशेबाने सात-साडेसात वॅट नुसत्या चालू-बंद होण्यात जातात. चालू अवस्थेतल्या १.७५ वॅटच्या चौपट. हेच काम ०.१ मायक्रोसेकंदात उरकायचं तर गेटला क्षणभर ०.६ अँपिअर द्यावे लागतात. टीसी४४२०सारखे ड्रायव्हर ६ अँपिअरपर्यंतचा क्षणिक करंट देतात ते याचसाठी. सरासरी शक्ती मात्र नगण्य: ६३ नॅनोकूलोम, १० व्होल्ट, २० किलोहर्ट्झ, गुणाकार १३ मिलिवॅटसुद्धा होत नाही.

ऑसिलोस्कोपवर गेटचं व्होल्टेज चढताना पाहिलं तर मध्येच चार-पाच व्होल्टपाशी ते थबकतं. क्षणभर सपाट रेघ, मग पुन्हा चढ. ड्रेनचं व्होल्टेज कोसळत असताना ड्रेन आणि गेटमधला कपॅसिटन्स गेटला येणारा सगळा चार्ज खाऊन टाकतो. जॉन मिल्टन मिलर यांनी १९२०मध्ये रेडिओच्या व्हॉल्व्हबाबत हाच परिणाम वर्णिला होता. म्हणून या सपाट भागाला मिलर पठार म्हणतात. ५ व्होल्टच्या सर्किटमध्ये साधा मॉसफेट बसवला की तो बरेचदा या पठाराच्या काठाशीच रेंगाळतो. पुढचा चढ चढायला व्होल्ट उरलेलेच नसतात.

आता घरच्या इन्व्हर्टरकडे येऊ. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ६०० वॅटचा लोड म्हणजे ५० अँपिअर, गळती धरून ५५-६०. एका मॉसफेटला हे झेपत नाही, म्हणून आयआरएफ३२०५सारखे चार-चार नग एका बाजूला समांतर जोडतात. प्रत्येकाच्या वाट्याला १४-१५ अँपिअर. ३२०५चा रेझिस्टन्स १० व्होल्टला ८ मिलिओहम. उष्णता नगामागे पावणेदोन वॅटच्या आसपास. गेटला पुरेसं व्होल्टेज असेपर्यंत ही वाटणी आपोआप नीट राहते. एखादा नग जास्त तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, करंट शेजाऱ्यांकडे सरकतो. कलबुरगीच्या मे महिन्यात, पारा ४०च्या वर असतानाही हा समतोल टिकतो.

गेटचं व्होल्टेज घसरलं की त्याच मॉसफेटचा स्वभाव उलटतो. अर्धवट उघड्या अवस्थेत करंट ठरतो तो थ्रेशोल्डवरून, आणि तापमान वाढलं की थ्रेशोल्ड खाली येतो. चारांतला ज्याचा थ्रेशोल्ड मुळातच कमी, तो जास्त करंट घेतो, जास्त तापतो, थ्रेशोल्ड आणखी उतरतो, आणखी करंट घेतो. बाकीचे तिघे जवळजवळ रिकामे आणि एकटा सगळं ओढतोय. तो फुटला की भार तिघांवर, मग दोघांवर. रांगेतले सगळे मॉसफेट एकदम गेलेले दिसतात तेव्हा ‘मोठा शॉक बसला’ असं म्हणतात. पुष्कळदा शॉक वगैरे काही नसतो.

गेटचं व्होल्टेज घसरतं कसं? साध्या इन्व्हर्टरमध्ये एसजी३५२५ ही आयसी गेटला पल्स पाठवते आणि तिचा सप्लाय त्याच बॅटरीवरून येतो. आयसीच्या आउटपुटमध्ये एक-दोन व्होल्ट खर्ची पडतात, वाटेत एखादा डायोड असतो. बॅटरी १२.५ असताना गेटला साडेदहा-अकरा मिळतात, सगळं मजेत. बॅटरी जुनी झाली, पाणी घातलं नाही, टर्मिनलवर पांढरी बुरशी चढली, की लोड पडताच व्होल्टेज दहाच्या खाली बसतं आणि गेटला सात-आठच पोचतात. ३२०५ आठापर्यंत कसाबसा निभावतो. त्याखाली त्याचा भरवसा नाही. साडेदहाच्या आसपास इन्व्हर्टर बंद करणारी लो-बॅटरी कट-ऑफ बॅटरी वाचवते हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती मॉसफेटही वाचवते. ‘अजून अर्धा तास पंखा चालेल’ म्हणून ती काढून टाकणं महागात पडतं. आयआर२११०सारख्या चांगल्या ड्रायव्हर आयसीमध्ये ही राखण आतच असते: सप्लाय साडेआठ व्होल्टच्या आसपास उतरला की ती गेटला पल्स देणंच थांबवते.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी थोडं. मल्टिमीटर डीसीवर ठेवून चालू इन्व्हर्टरच्या गेटला लावला आणि ५ व्होल्ट दिसले, तर घाबरू नका. पल्स निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद असते आणि मीटर सरासरी दाखवतो. १० व्होल्टची पल्स तिथे पाचच्या जवळपासच दिसणार. खरी उंची ऑसिलोस्कोपवरच कळते. मॉसफेट बाहेर काढून डायोड रेंजवर तपासताना मीटरच्या टोकाने गेट चाळवून तो चालू होतो का पाहतात. बऱ्याच मीटरच्या टोकांना तीन व्होल्टही नसतात, त्यामुळे चांगला ३२०५सुद्धा नापास होतो. ९ व्होल्टच्या बॅटरीने गेट चार्ज करून पाहावं. मेलेला मॉसफेट जाताना अनेकदा ड्रेन आणि गेट आतून जोडून टाकतो आणि ड्रेनचं व्होल्टेज थेट ड्रायव्हरवर येतं, म्हणून गेटचे रेझिस्टर आणि आयसी न तपासता नवा मॉसफेट घालणं म्हणजे त्याला बळी देणं. गेट ते सोर्स १० किलोओहमचा रेझिस्टर आहे ना, हेही बघा. तो नसेल तर लोंबकळतं गेट हवेतूनच चार्ज घेतं आणि सर्किट सुरू व्हायच्या आधीच मॉसफेट अर्धा उघडतो. रांगेतला एक गेला तरी बदलायचे ते सगळेच, एका कंपनीचे, एका लॉटचे.

एक अडचण हुशार माणसालाही चकवते. गेटचं व्होल्टेज बॅटरीच्या निगेटिव्हपासून मोजायचं नसतं, सोर्सपासून मोजायचं असतं. मोटर प्लसकडे आणि मॉसफेट खाली असला, की सोर्स आणि निगेटिव्ह एकच. प्रश्न येत नाही. मॉसफेट वर प्लसकडे टाकला की चालू होताच त्याचा सोर्स २४ व्होल्टवर चढतो. गेटला तेव्हा ३४ हवेत, आणि बॅटरी तर २४चीच! आयआर२११० एका छोट्या कपॅसिटरमध्ये आधी चार्ज साठवून ही वरची पायरी तयार करते. तो कपॅसिटर सुकला की वरचे मॉसफेट तापू लागतात आणि खालचे थंड राहतात; दोष शोधताना ही खूण उपयोगी पडते. गेट सोर्सच्या खाली ओढल्यावर चालू होणाऱ्या पी-चॅनल मॉसफेटने हा पेच सुटतो, पण २४ व्होल्टच्या सर्किटमध्ये त्याचं गेट सरळ निगेटिव्हला ओढलं तर गेट-सोर्समध्ये पुरे २४ व्होल्ट पडतात. मर्यादा २०ची. तिथे झेनर डायोड लावावाच लागतो.

शेतावरचे सोलर पंप आणि कारखान्यातले मोठे ड्राइव्ह यांत व्होल्टेज काहीशे असतं. तिथे मॉसफेटच्या जागी बहुधा आयजीबीटी हा तसंच गेट असलेला दुसरा स्विच दिसतो. तो घडवण्यात ज्यांचं नाव सगळ्यात पुढे घेतलं जातं, ते बी. जयंत बालिगा आपल्याच राज्यात, बंगळूरजवळ जालहळ्ळीत वाढले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्यांनी हे काम केलं आणि २०२४मध्ये त्यांना मिलेनियम टेक्नॉलॉजी पारितोषिक मिळालं. आयजीबीटीचा थ्रेशोल्ड साधारण ४ ते ६ व्होल्ट, पण गेटला १५ देतात. वीस का नाही? कारण लोड शॉर्ट झाला तर आयजीबीटीतून जाणारा करंट गेटच्या व्होल्टेजवर ठरतो. १५ व्होल्टला बरेचसे आयजीबीटी असा शॉर्ट सुमारे १० मायक्रोसेकंद सोसतात आणि तेवढ्यात संरक्षण सर्किटला गेट बंद करायला सवड मिळते. व्होल्टेज वाढवलं की ती सवड आटते.

सोलर पंपाच्या कंट्रोलरबाबत एक विनंती. इन्व्हर्टर उघडायची सवय झालेला हात तिथे तसाच घालू नका. पॅनलकडून येणारी डीसी ऊन असेपर्यंत बंद होत नाही, आणि ती तोडल्यावरही आतले मोठे कपॅसिटर बराच वेळ चार्ज धरून असतात. आधी पॅनलचा आयसोलेटर पाडा, कंट्रोलरवर लिहिलेला वेळ थांबा, मीटरने कपॅसिटरवर शून्य आल्याची खात्री करा, आणि मगच गेटकडे वळा.